पासिंगची टेप

ढब्बूचं डोकं आणि दोन्ही हात व्हॅनच्या खिडकीतून आत गेले, पण पोट बाहेर अडकलं. घारीने मागून पाय धरून ढकलायला सुरुवात केली, तेव्हा आतून आवाज आला की गुदगुल्या होताहेत, आणि तो पाय झाडायला लागला. मास्तरने खिडकीच्या कडेवर पोतं नीट अंथरलं होतं, तेही खाली पडलं. शेवटी दोघांनी मिळून ढब्बूला बाहेर ओढून काढलं. दहा वर्षांच्या मानाने त्याचा घेर जरा जास्तच होता, आणि खिडकी दबून निम्मी झाली होती.

ती खिडकी दबली कशी, ते तिघांनाही पाठ होतं. व्हॅन बेकरीची, पण सहा वर्षं ती चालवत होती मास्तरची आई, म्हणजे घारी आणि ढब्बूची सख्खी मावशी. तीन महिन्यांपूर्वी पाव पोचवून, रिकामे ट्रे घेऊन ती परत येत होती. संध्याकाळचे सात वाजले होते, नुकतंच अंधारलं होतं. कालव्याजवळच्या सरळ रस्त्यावर डांबर फासलेल्या, काळ्या लाकडाच्या फळ्यांनी भरलेला एक ट्रेलर उभा होता. त्याचा आस तुटला होता आणि चालक ट्रॅक्टर सोडवून मेकॅनिकला आणायला गेला होता. ट्रॅक्टर नाही म्हणजे ट्रेलरला दिवेही नाहीत. मावशीची व्हॅन थेट त्या फळ्यांखाली घुसली. मावशी वाचली, पण तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हापासून मावशी आणि मास्तर घारीच्या घरी, मागच्या खोलीत राहत होते. मास्तर हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हतं. वर्गात तो बाईंच्याही चुका काढायचा, म्हणून पोरांनी त्याला ते चिकटवलं होतं. तो आणि घारी एकाच वयाचे, तेरा वर्षांचे.

मावशी पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती. रस्ता रिकामा होता. मग एकदम समोर फळ्या आल्या.

तिच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, कारण कागद वेगळं सांगत होते. अपघाताच्या आधी अकराच दिवस तो ट्रेलर वाहन तपासणी केंद्रातून पास झाला होता. मागच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत रिफ्लेक्टर टेप, दोन्ही कोपऱ्यांना लाल रिफ्लेक्टर, सगळं जागच्या जागी. त्या कागदावर सही होती घारीच्या बाबांची. ते केंद्रात तपासनीस होते.

बाबा कडक नव्हते. मावशीला ते कधी लागेल असं बोलले नाहीत. घरी कुणी चौकशीला आलं की हळू आवाजात म्हणायचे, बिचारी पहाटे चारला उठायची, लागला असेल डोळा, दोष तरी कुणाला द्यायचा. एवढ्या मायेने ते सांगत, की ऐकणाऱ्याला ते खरंच वाटायचं. शुक्रवारी चौकशी अधिकारी येणार होत्या. मावशीने द्यायचा जबाब बाबांनीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता, ‘वाहन चालवताना माझा डोळा लागला असावा.’ एकदा सही केली की तिच्यामागचा ससेमिरा सुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ससेमिरा सुटणार होता, आणि त्याबरोबर गाडी चालवायचा परवानाही कायमचा जाणार होता.

आज मंगळवार. मावशीचा थर्मास व्हॅनमध्ये राहिला होता. तिला तो हवा होता, म्हणून सुट्टीत घरात लोळणारी ही तिघं जप्त वाहनांच्या आवारात आली होती. पहारेकरी बाबांना ओळखत होता. त्याने पत्र्याच्या शेडचं शटर वर केलं. उन्हाचा पट्टा आत पडला आणि समोरच उभ्या असलेल्या ट्रेलरची टेप घासलेल्या ताटासारखी लखलखली.

“बघा,” पहारेकरी म्हणाला, “एवढं चमकतंय. हे कुणाला दिसणार नाही?”

आत कुत्री शिरतात म्हणून पहारेकऱ्याने शटर पुन्हा खाली ओढलं आणि तो आपल्या रेडिओकडे निघून गेला. आत भर दुपारी मिट्ट काळोख झाला. घारीने टॉर्च पेटवली. ती तिने बाबांच्या ऑफिसच्या पिशवीतून आणली होती. खोक्यात होती, वरचं पारदर्शक वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. खोक्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

खिडकीचा नाद सोडून तिघं व्हॅनच्या मागच्या दाराकडे जायला वळली. पायाखाली लोखंडाचे तुकडे होते, म्हणून घारीने टॉर्च कानशिलाजवळ धरून शेडमध्ये फिरवली. आणि काळोखाला डोळे फुटले. चेपलेल्या बसच्या मागे दोन लाल ठिपके पेटले. एका ट्रकच्या कडेला पिवळी रांग उजळली. कोपऱ्यात पडलेल्या मोडक्या सायकलची पॅडलसुद्धा लकाकली. ढब्बू हरखून बघत राहिला. मग त्याने विचारलं,

“ताई, ट्रेलर कुठे गेला?”

घारीने टॉर्च समोर धरली. समोर काहीच नव्हतं. दहा पावलं चाचपडत पुढे जाऊन तिने हात लांब केला, तेव्हा बोटांना फळ्यांची टोकं लागली. ट्रेलर होता तिथेच होता. मघाशी उन्हात डोळे दिपवणारी टेप काळ्या कापडासारखी गप्प होती. कोपऱ्यातले दोन्ही लाल रिफ्लेक्टरही विझलेले.

मास्तरने टॉर्च मागून घेतली. डावीकडून, उजवीकडून, वाकून, लांबून, सगळीकडून मारून पाहिली. थर्मास दाराशीच सापडला. त्याचं झाकण चेपलं होतं, पण आतली काच शाबूत होती.

त्या दिवशी संध्याकाळी कोठीच्या खोलीत मास्तरचा वर्ग भरला. त्याने रबरी चेंडू आधी सपाट भिंतीवर तिरका मारला. चेंडू दुसरीकडेच निघून गेला आणि ढब्बूला तो पलंगाखालून आणावा लागला. मग त्याने तोच चेंडू खोलीच्या कोपऱ्यात मारला, जिथे दोन भिंती आणि जमीन एकमेकांना भेटतात तिथे. टप टप टप आवाज झाला आणि चेंडू त्याच्याच दिशेने परत आला. कुठूनही मारला, तरी मारणाऱ्याकडेच वळायचा.

घारीने आपल्या सायकलचा मागचा रिफ्लेक्टर काढून आणला होता. भिंगाखाली धरला तर लाल प्लास्टिकच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक कोपरे दिसले, मधमाशांच्या पोळ्यासारखे दाटीवाटीने बसलेले. मास्तरने सांगितलं की उजेडाचंही चेंडूसारखंच आहे. उजेड कोपऱ्यात शिरतो, तीन भिंतींवर आपटतो आणि आला तिकडेच परत जातो. गाडीचे हेडलाइट चालवणाऱ्याच्या जवळच असतात, म्हणून तो उजेड चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो. त्याला ना वायर लागते, ना बॅटरी. गाडी बंद पडली, दिवे गेले, चालक सोडून गेला, तरी रिफ्लेक्टर समोरच्याला सांगत राहतो की इथे मी आहे.

ढब्बूने टॉर्च कमरेजवळ धरून पाहिली, तर रिफ्लेक्टर मंद दिसला. डोळ्याजवळ आणली की पेटला. त्याला हा खेळ इतका आवडला, की तो कशासाठी चाललाय हेच विसरला.

ट्रेलरच्या टेपमध्ये कोपरे नसणार, मास्तर म्हणाला. त्यावर पोळ्याची नक्षी आहे, पण नुसती छापलेली. चकचकीत कागद आहे तो, आणि ते लाल रिफ्लेक्टरही तसेच नकली. उन्हात उजेड सगळीकडून येतो, म्हणून कुठूनही बघा, चमकतो. अंधारात उजेड एकीकडूनच येतो आणि त्यावरून घसरून भलतीकडे जातो.

मग ती टेप आली कुठून? तपासणी केंद्राच्या फाटकासमोर एकच दुकान होतं, नंबरप्लेट, टेप आणि स्टिकरचं. दुसऱ्या दिवशी तिघं तिथे गेली. ढब्बूचा चेहरा सगळ्यांत भोळा, म्हणून बोलायचं काम त्याच्याकडे दिलं. आमच्या ट्रॉलीला मागे लावायची टेप हवी, असं त्याने पढवल्याप्रमाणे सांगितलं.

दुकानदाराने वर न बघता विचारलं, “रस्त्यासाठी हवी की पासिंगसाठी?”

ढब्बूला हे पढवलेलं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. घारी पुढे झाली आणि म्हणाली, दोन्हींत फरक काय?

“रस्त्यावरची जाड असते. तीत खरा माल असतो. पासिंगची नुसती दिसायला. सगळे हीच नेतात. आपला शिक्का बसेपर्यंत टिकली म्हणजे झालं.”

“पण तपासताना कळत नाही?”

दुकानदार हसला. “साहेब दिवसा तपासतात, पोरी. लांबून बघतात, टेप आहे म्हणतात आणि सही ठोकतात. टॉर्च मारून बघतंय कोण? दोन वर्षांत एकदा नाही.”

“साहेब म्हणजे आमचे—” ढब्बू अभिमानाने सांगायला निघाला होता. घारीने त्याचा दंड इतका जोरात दाबला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही टेपांचे हातहातभर तुकडे घेऊन ती बाहेर पडली.

तिघं रस्त्याच्या वळणापर्यंत आली. मग मास्तर थांबला. त्याने विचारलं, तुझ्या बाबांना ठाऊक होतं का? घारी म्हणाली, माहीत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. पण पिशवीतली वेष्टणासकटची टॉर्च तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

“मला एक दिवस दे,” ती म्हणाली. “मी त्यांना दाखवते. ते स्वतःच सांगतील. कुणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं बरं.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिला. “आईने तीन महिने काढले आहेत,” तो म्हणाला. “अजून एक दिवस.” आणि त्याने शब्द दिला, की तोवर आईला काहीही सांगणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी बाबा घरी आल्यावर घारीने त्यांना कोठीच्या खोलीत नेलं. दोन्ही तुकडे दारावर शेजारी शेजारी चिकटवले होते. उजेडात सारखेच दिसत होते. तिने दिवा मालवला आणि टॉर्च त्यांच्या कानशिलाजवळ धरली. एक तुकडा पांढराशुभ्र पेटला. दुसऱ्याच्या जागी दार होतं, नुसतं दार. मग तिने ट्रेलरबद्दल सांगितलं, दुकानदाराबद्दल सांगितलं. एका दमात, मान खाली घालून.

बाबांनी तिच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं.

“टॉर्च कुठून घेतलीस?” त्यांनी विचारलं.

मग ते खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. दिवसाला साठ वाहनं येतात. तपासायला माणूस एक. रांग चौकापर्यंत जाते, लोक भोंगे वाजवतात. अंधारी खोली मागून मागून थकलो, ती मिळाली नाही. उन्हात टॉर्च मारून काय दिसणार? त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे घारीला कळत होतं. शेवटी ते उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “उद्या मी बघतो काय ते. तू आता यात पडू नकोस.”

घारीला केवढं हलकं वाटलं. तिने मास्तरला सांगितलं की बाबा उद्या बोलणार आहेत, तोवर गप्प राहा, आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

शुक्रवारी सकाळी शेडचं शटर पूर्ण वर केलेलं होतं. ऊन थेट आत येत होतं आणि ट्रेलर झगमगत होता. चौकशी अधिकारी वयस्कर बाई होत्या, करकरीत घडीच्या कपड्यांतल्या, हातात फाइल घेतलेल्या. ट्रेलर ज्याचा होता तो लाकडाच्या वखारीचा मालक आला होता, बेकरीचा मालक आला होता. मावशी कुबड्यांवर आली होती आणि घारीची आई तिचा दंड धरून उभी होती. तिघं मुलं शटरच्या साखळीपाशी उभी होती, घारीच्या खांद्याला पिशवी होती.

अधिकारी बाईंनी टेपवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग बाबांनी तपासणीचा कागद वाचला. टेप लावलेली, रिफ्लेक्टर दोन, स्थिती उत्तम. वाचून झाल्यावर ते थांबले. बाबांनी कागदाची घडी घातली, फाइलमध्ये ठेवली आणि फाइल मिटली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अधिकारी बाईंनी मावशीपुढे जबाब धरला. मावशीने एक कुबडी बहिणीकडे दिली आणि पेन घेतलं. मास्तरचे ओठ पांढरे पडले होते. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळत होता. तो फक्त घारीकडे बघत होता.

“मावशी, सही करू नकोस,” घारी म्हणाली.

सगळे वळले. बाबा हळूच म्हणाले, घारी, घरी जा. वखारवाला हसून म्हणाला, आता पोरंबाळं चौकशी करणार वाटतं. अधिकारी बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि घारीला कळलं की आता समजावत बसलं तर आपल्याला बाहेर काढतील.

“ढब्बू, ओढ,” ती म्हणाली.

ढब्बू साखळीला अक्षरशः लोंबकळला. त्याच्या सगळ्या वजनानिशी शटर धडधडत खाली आलं आणि शेडमध्ये काळोख झाला. मोठी माणसं ओरडायला लागली. पहारेकरी साखळी शोधत भिंत चाचपू लागला, पण मास्तर तिच्यासमोर हात पसरून उभा राहिला. घारी अधिकारी बाईंशेजारी पोचली होती. तिने पिशवीतली टॉर्च त्यांच्या कानशिलाजवळ धरून पेटवली.

“बाई, ट्रेलर कुठे आहे ते दाखवा.”

बसचे लाल डोळे उघडले. ट्रकची पिवळी रांग पेटली. सायकलची पॅडल लकाकली. मधोमध, दहा पावलांवर, ट्रेलरच्या जागी काळोखाची पोकळी होती. ओरडणं हळूहळू थांबलं. अधिकारी बाईंनी टॉर्च आपल्या हातात घेतली, पुन्हा एकदा सगळीकडे फिरवली आणि परत त्या पोकळीवर आणली.

“रस्ता रिकामा होता,” काळोखातून मावशीचा आवाज आला. ती कुणाशीच बोलत नव्हती. “तीन महिने मी तो क्षण शोधतेय. माझा डोळा लागला तो. मला सापडतच नव्हता. तरी मी मान्य केलं होतं, की लागलाच असेल.”

“हा ट्रेलर कुणी तपासला होता?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“मी,” बाबा म्हणाले.

“टॉर्च मारून पाहिली होती?”

काळोखात कुणाचा चेहरा दिसत नव्हता. घारीला वाटलं, तेच बरं आहे.

“नाही,” बाबा म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. जबाबाचा कागद अधिकारी बाईंनी स्वतः फाडला. टेपच्या दुकानाला त्याच दिवशी सील लागलं. दुकानदाराच्या कपाटात नुसती पासिंगची टेप निघाली, रस्त्याची एकच गुंडाळी होती. वखारवाल्यावर खटला झाला. बाबांना कामावरून दूर केलं आणि चौकशी सुरू झाली. दोन वर्षांत त्यांनी पास केलेल्या ट्रेलरांना आणि ट्रकांना फेरतपासणीची पत्रं गेली. निम्मे आले. बाकीचे अजून रस्त्यावरच आहेत.

आणि मुलांचं कौतुक तर सगळीकडे झालं. अधिकारी बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, जे आम्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं नाही, ते या मुलांनी अंधारात पाहिलं. मुख्याध्यापिकांनी तिघांना बोलावून शाबासकी दिली. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ढब्बू साखळी धरून उभा होता. बेकरीच्या मालकाने येऊन मावशीची माफी मागितली. शेजारीपाजारी म्हणत, केवढी धीट पोर आहे, आणि मग वाक्य अर्ध्यावर सोडून बाबांच्या बंद खोलीकडे बघत.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात मावशी आपल्या घरी परत जायला निघाली. आई नको म्हणत होती, पण मावशीने आधीच सामान भरून ठेवलं होतं. निघायच्या आधी तिने घारीला जवळ बोलावलं आणि म्हणाली, तू नसतीस तर मी सही केली असती. घारीला ते ऐकवेना. तिने सांगून टाकलं, की मला बुधवारीच कळलं होतं, मी तुला सांगितलं नाही.

“मास्तरने सांगितलं मला,” मावशी म्हणाली. “तुझे बाबा आहेत ते. तू वाट बघणारच.”

रिक्षा आली तेव्हा बाबा खोलीबाहेर आले आणि त्यांनी मावशीची पिशवी उचलली. मावशी थांबली. “राहू द्या, भावोजी,” ती म्हणाली. तिने पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि ढब्बूकडे दिली. ती रागावलेली दिसत नव्हती. मास्तरने रिक्षात बसल्यावर घारीला हात केला, पण तो आधीसारखा ओरडला नाही.

त्या संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते. घारी पाण्याचा तांब्या घेऊन गेली. तांब्या घेताना ते म्हणाले, “बरोबर केलंस तू.” बाबा कधी कुणाची स्तुती करत नसत. पहिला नंबर आला तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली होती. हे वाक्य ऐकण्यासाठी घारीने आजवर काय काय केलं होतं.

ती तिथेच उभी राहिली. कितीतरी दिवस जे विचारायचं टाळलं होतं, ते तिने विचारलं.

“त्या दिवशी तुम्ही बोलणार होतात ना, बाबा? मी मध्ये बोलले नसते तर?”

बाबांनी तांब्या तोंडाला लावला नाही. तो दोन्ही हातांत धरून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

“मी ठरवत होतो,” ते म्हणाले.